काकासाबांचं ‘पाहिलें’

काकासाब ट्रॅक्टरला अहो-जाहो करायचे. मी नोकरीला लागले त्याच्या पहिल्याच दिवशी ते दारातून म्हणाले, “यांना डावीकडे त्रास होतो आहे, जरा सावलीत घ्या.” मला वाटलं, कोणा गिऱ्हाइकाला चक्कर आली. मी मेली खुर्ची आणि पाण्याचा ग्लास घेऊन धावले! बाहेर चिखलानं माखलेला ट्रॅक्टर उभा. सगळे मिस्त्री इतके हसले की आठवडाभर मी कोणाशी धड बोलले नाही.

देवासहून टोंकखुर्दकडे जाताना रस्त्याला लागूनच आमचं ट्रॅक्टरचं वर्कशॉप आहे. तिथं मी जॉब कार्ड भरते. मतलब, ट्रॅक्टर आला की त्याचं दुखणं लिहून घ्यायचं, काम झालं की कोणी काय केलं ते लिहायचं आणि मिस्त्रीची सही घ्यायची. बाबा कारखान्यातल्या नोकरीपायी महाराष्ट्रातून देवासला आले, मी इथेच जन्मले, हिंदी शाळेत शिकले. घरी मराठी बोलायचो, पण कोणी वाचायला दिली की मला घाम फुटायचा. काकासाब मात्र देवासचे जुने मराठी. त्यांचे आजोबा संस्थानच्या मोटारखान्यात कामाला होते, आणि हे ते कोणालाही दहा मिनिटांच्या ओळखीत सांगत. त्यांना सगळे काकासाबच म्हणायचे, आमचे सेठसुद्धा.

ते फक्त स्टेरिंग बघायचे. इंजिन नाही, क्लच नाही, ब्रेक नाही. कोणी विचारलं की हात जोडून म्हणायचे, “तें खातें आमचें नाहीं.” असंच बोलायचे ते, आमच्या आत्याच्या जुन्या पोथीतल्यासारखं, शेवटी एकेक टिंब देऊन. शेतकऱ्यांशी मात्र चोख माळवी, आणि मिस्त्रींना शिव्या हिंदीत.

त्यांची तपासायची रीत ठरलेली होती. पुढची चाकं सरळ करायची. मालकाला चाकापाशी उकिडवं बसवायचं. स्वतः ट्रॅक्टरच्या पायरीवर उभं राहायचं, सीटवर कधीच बसायचं नाही. मग उजव्या हाताची दोन बोटं स्टेरिंगच्या कडेवर ठेवून, डोळे मिटून, हळूच फिरवायला लागायचे.

“हल्यो?”

“नी हल्यो, काकासाब.”

“अबे हल्यो?”

“हाँ, हल्यो!”

स्टेरिंग फिरायला लागल्यापासून चाक हलेपर्यंत जेवढं अंतर रिकामं जातं, त्याला मिस्त्री लोक प्ले म्हणतात. काकासाबांच्या हिशेबानं प्ले दोन बोटं चालायचा. तिसरं बोट लागलं की ट्रॅक्टर थांबला, मग तो आमदाराचा का असेना. टेप आणून मोजलं तरी त्यांची दोन बोटं कधी चुकलेली मी पाहिली नाहीत. पावर स्टेरिंगचे नवे ट्रॅक्टर आले तेव्हा एक मिस्त्री म्हणाला, “अब आपकी उंगलियों का क्या काम, काकासाब?” ते म्हणाले, “पावर आ गई तो जोड़ निकल गए क्या?” आणि त्याच मिस्त्रीकडून इंजिन चालू करवून त्यांनी दोन बोटं ठेवलीच.

एकदा बदनावरचा एक पाटीदार आपल्या साल्याचा ट्रॅक्टर घेऊन आला. पांढरेशुभ्र कपडे, डोळ्यांवर गॉगल, आणि तोंडात सारखं “भिया, अपने को सब आता है.” स्टेरिंग ढिलं होतं म्हणून यानं स्टेरिंग बॉक्सचा स्क्रू स्वतःच कसून टाकला होता. प्ले गेला, एकदम टाइट, आता फक्त ऑइल बघा म्हणाला. काकासाबांनी त्यालाच सीटवर बसवलं. “पूरा डावे हात को फिराओ. अब छोड़ दो.” स्टेरिंग तिथंच अडकून बसलं. परत फिरवायला त्याला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला.

“हे सरळ जातील हो,” काकासाब मला मराठीत म्हणाले, “पण वळणार नाहींत. माणूस सगळा जन्म सरळच चालवतो, म्हणून बॉक्सातले मधलेच दात झिजतात. मधल्यांसाठी स्क्रू कसला कीं कडेचे गळा धरतात.” मग त्यांनी स्क्रू होता तिथं आणला आणि गोणपाट अंथरून त्या पाटीदाराला ट्रॅक्टरखाली निजवलं, पांढऱ्या कपड्यांसकट. “ढिलाई कठे हे, आपणी आँख से देखो.” ढिलाई बॉक्समध्ये नव्हतीच, चाकाजवळच्या सांध्यात होती. पाटीदार उठला तेव्हा पाठ काळी झालेली, पण जाताना काकासाबांच्या पाया पडून गेला. मी इतकी हसले होते, पण त्या दिवशी मला त्या कामाची गोडी लागली हेही खरं.

तो सांधाच त्यांचा खरा जीव. पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा असतो, टायरॉड. त्याच्या दोन्ही टोकांना सांधा, सांध्यावर नट, आणि नट फिरून निघू नये म्हणून त्याच्यातून आरपार एक पिन. केसांच्या आकड्यासारखी, दोन पायांची. आत घालून पाय वाकवले की नट जागचा हलत नाही. ती नसली तर नट हळूहळू फिरत सुटतो, सांधा निसटतो, मग एक चाक कुठे जातं आणि दुसरं कुठे, आणि स्टेरिंग धरणारा नुसता फिरवत बसतो. काढलेली पिन ठोकून सरळ करून परत घालणारे मिस्त्री भरपूर आहेत. काकासाब नवीनच घालायचे. रोज सकाळी डब्यातून मोजक्या नव्या पिना काढून खिशात टाकायचे, आणि काढलेली जुनी पिन मालकाच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ आपल्या हातानं मिटायचे. म्हणजे ती परत कोणाच्या कामी येऊ नये. नवीन पिन मालकानं वाकून बघितली पाहिजे, “दिसते” म्हटलं पाहिजे, तोवर ट्रॅक्टर हलायचा नाही. आणि हे सगळं झालं की कार्डावर ते एकच शब्द लिहायचे: पाहिलें.

मिस्त्रींना वाटे ती त्यांची सहीच आहे. मलाही आधी तसंच वाटलं. विचारलं तर चिडले. “अहो, सही खालीं केली आहे ती! हें पाहिलें. मी पाहिलें आहे, असें.” मी म्हटलं, सगळे ओके लिहितात. ते म्हणाले, “ओके कोणीही लिहील. न बघतां सुद्धां लिहील.”

त्यांच्या बोटांचं मला कळलं ते चहामुळे. आमचा चहावाला काचेच्या ग्लासात उकळता चहा देतो, आम्ही सगळे ओढणीत नाहीतर रुमालात धरतो. काकासाबांनी तो ग्लास उघड्या हातात धरला आणि आजोबांच्या मोटारखान्याची गोष्ट सांगत बसले. गोष्ट लांबली, आणि त्यांची बोटं लालबुंद झालेली मला दिसली. मी ग्लास हिसकावून घेतला. ते हाताकडे बघतच राहिले.

साखरेचा आजार होता त्यांना कित्येक वर्षांचा. आधी पाय बधिर झाले, मग बोटांची टोकं. “सेठना सांगूं नका,” ते म्हणाले. “मला घरीं बसवतील. घरीं मी काय करूं? सूनबाई चांगली आहे, पण तिच्याकडे स्टेरिंग नाहीं.” हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. मला तर रडूच आलं. मी म्हटलं, नाही सांगत.

तेव्हापासून आमची चोरी सुरू झाली. मी कार्ड घेऊन ट्रॅक्टरवर चढायचे, लिहायचं निमित्त करून, आणि स्टेरिंगवर माझी बोटं ठेवायचे. ते शेजारी उभे राहून कुजबुजायचे, “हळू. आणखीं हळू. आतां हाताला कांहीं लागलें?” मी म्हणायचे, लागलं. “तिथून मोजा.” दोन-तीन महिन्यांत माझ्या हाताला खरंच कळायला लागलं. कुठल्या ट्रॅक्टरचा सांधा गेलाय ते मी डोळे मिटून सांगायला लागले तेव्हा काकासाबांनी घरून माझ्यासाठी गुळपोळ्या आणल्या. पिना मात्र ते स्वतःच घालायचे. तेवढं माझ्या हातात द्यायला ते तयार नव्हते, आणि मीही कधी मागितलं नाही. म्हाताऱ्याचा मान राहू दे, म्हटलं.

मग लग्नसराई आली. टोंकखुर्दच्या पुढच्या एका गावचा पटेल सकाळीच ट्रॅक्टर घेऊन आला. भाचीचं लग्न होतं, मामेरं, म्हणजे मामाकडचा आहेर, घेऊन जायचं होतं, ट्रॉलीत घरच्या आणि गल्लीतल्या सगळ्या बायका बसणार होत्या. स्टेरिंग डगमगतं म्हणाला. दोन्ही टोकांचे सांधे गेले होते, ते बदलले. काकासाब गोणपाटावर खाली निजून पिना घालत होते आणि पटेल वर नुसता नाचत होता. “काकासाब, जल्दी करो नी! लुगायां गहना पेनी के तैयार बैठी हे!”

काकासाब बाहेर आले. म्हणाले, “वाकून देखो, पटेल.” पटेल म्हणाला, कमर धरली आहे, मला नका वाकवू. मी तिथंच उभी होते. ताईचा फोन आला होता, तिला साडीचा रंग विचारायचा होता. मी म्हटलं, राहू द्या काकासाब, मी बघते.

“डावी पिन दिसते?”

“दिसते.”

“उजवी?”

“दिसते, दिसते.”

मी वाकलेही नव्हते. ताई जांभळा म्हणत होती, मला तिला मोरपंखी सांगायचा होता. काकासाबांनी पटेलाच्या हातावर जुन्या पिना ठेवल्या, मूठ मिटली, कार्डावर ‘पाहिलें’ लिहिलं, आणि पटेल धूर सोडत गेला.

अर्ध्या तासानं मी गोणपाट झटकायला उचललं तर टिंग करून काहीतरी फरशीवर पडलं. पिन होती. नवीकोरी, चकचकीत, दोन्ही पाय सरळ. त्या दिवशी स्टेरिंगचं दुसरं काम आलंच नव्हतं.

मी ती काकासाबांच्या पुढे धरली. त्यांनी खिसा उलटा केला. खिसा रिकामा होता. “दोन घेतल्या होत्या,” ते म्हणाले. “बोटांना वाटलें, बसली.” मग स्वतःची बोटं एकदा चोळली आणि म्हणाले, “चला.”

पटेलाला मी चार वेळा फोन लावला. ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला कसला ऐकू येतोय! मी पाना, पकड आणि ती पिन पिशवीत टाकून स्कूटी काढली. काकासाब मागे बसायच्या आधी हँडलला दोन बोटं लावून डावीकडे-उजवीकडे करायला लागले. मी ओरडले, “अहो, आता तरी नको ना!” “दोन सेकंद,” ते म्हणाले, आणि दोन सेकंद घेऊनच बसले.

तो रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी संपता संपेना. डोळ्यांपुढे सारखी ती ट्रॉली, आणि मी एकेक नाला मोजत होते, इथे वळला असेल का, इथे निसटलं असेल का. अर्ध्या वाटेवर मला राहवेना. वाऱ्यात मान मागे करून मी ओरडले, “काकासाब, मी बघितलं नव्हतं! मी खोटं बोलले! मी फोनवर होते!”

मग ते म्हणाले, “पुढें बघ.”

एवढ्या दिवसांत ते मला पहिल्यांदा तू म्हणाले. मी पुढे बघितलं आणि रडत रडत स्कूटी चालवली.

गावात पोचलो तेव्हा ट्रॉली जोडून तयार होती. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, पोरं मांडीवर, गाणं सुरू झालेलं, ढोलवाला पुढे. पटेल सीटवर, इंजिन चालू. काकासाब स्कूटीवरून उतरले ते सरळ ट्रॅक्टरच्या पुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. गाणं थांबलं.

“कई हुयो, काकासाब?”

“बंद करो. नीचे उतरो.”

ते तसेच धुळीत निजले. उजव्या सांध्याचा नट मी वाकून बोटांनी फिरवला तर फिरला. अर्ध्याहून जास्त सुटलेला होता. काकासाबांनी पाना घेऊन नट कसला, त्यातलं छिद्र जुळवलं, आणि पिन घालायला गेले. ती खाली पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. धुळीत ती कुठे आहे हे त्यांच्या हाताला कळत नव्हतं, ते नुसती माती चाचपत होते. वरून चाळीसेक डोळे बघत होते, आणि मला वाटत होतं, कोणीतरी यांच्यावर चादर टाका रे.

मग त्यांनी ती पिन उचलायला मला खूण केली. “तूं घाल.”

मी सलवार-कमीजनिशी त्यांच्या शेजारी निजले. पिन घातली, पकडीनं पाय वाकवले.

“दिसते?”

“दिसते, काकासाब.”

“नीट बघ.”

“बघितलं. दोन्ही पाय वाकलेत.”

“आतां डावी.”

डावीही बघितली. ती ठीक होती.

आम्ही उठलो. पटेलाचा चेहरा पांढरा पडला होता, कारण नट त्यानंही बघितला होता. पण माणूस भला. आमच्या अंगावरची धूळ झटकत म्हणाला, “कुछ हुआ तो नी ना, काकासाब. हम किसी से नी बोलेंगे.” बायकाही वरून हो-हो करायला लागल्या, एकीनं तर मला ओंजळभर बताशे दिले. मी म्हटलं, चला, सुटलो! महिनोन्महिने झाकून ठेवलेलं झाकलेलंच राहिलं.

काकासाबांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हुआ है, पटेल. पिन मैंने नी लगाई थी, और लिख दिया कि देखा है. मेरी उंगलियों को अब पता नी चलता.”

मला त्यांचा असा राग आला! काय गरज होती? कोणी विचारलं होतं? परत येताना एका वळणावर ते मागून म्हणाले, “स्कूटीचे बेअरिंग बदलून घे. एक बोट जास्त आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आले, पिनांच्या डब्याकडे गेलेच नाहीत. माझ्याकडून पटेलाचं कार्ड मागून घेतलं. ‘पाहिलें’ या शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: पाहिलें नव्हतें. त्याच्याखाली सही.

मी म्हटलं, “माझंही नाव लिहा. दिसते म्हणाले ती मी.”

“कार्डावर तुझी जागा नाहीं,” ते म्हणाले. “जागा माझी आहे.”

ते कार्ड तसंच मेजावर ठेवून ते सेठकडे गेले आणि सगळं स्वतःच सांगितलं. सेठ मनानं मोठा माणूस, म्हणाला, “बैठे रहो यहीं, काकासाब, चाय पियो, लड़कों को सिखाओ.” काकासाबांनी हात जोडले, छत्री घेतली आणि बस पकडायला निघून गेले. फाटकापाशी उभ्या असलेल्या एका ट्रॅक्टरला जाता जाता म्हणाले, “येतों हं.”

ते कार्ड फायलीत जायला हवं होतं. मी ते माझ्या खणात सगळ्यात खाली दडवलं. मनाला सांगितलं, म्हाताऱ्याची इज्जत आहे, इतक्या वर्षांच्या कामावर एक रेघ कशाला दिसायला हवी. खरं सांगायचं तर त्यांच्या इज्जतीचं मला तेवढं नव्हतं पडलं. त्या रेघेकडे बघितलं की मला माझा फोन आठवायचा, मोरपंखी रंग आठवायचा.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर आहे, मी रविवारी जाते. घरातलं एकही दार आता कुरकुरत नाही, सूनबाई सांगते की रोज बिजागऱ्या तपासतात. वर्षभरानं एकदा बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की ते कार्ड खणात आहे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, बरं वाटलं असेल त्यांना. तर ते उठून भिंतीकडे तोंड करून बसले.

“तें माझें शेवटचें काम आहे,” ते म्हणाले. “तेवढें एकच मी पुरतें पाहून लिहिलें. आणि तूं तें खणांत घातलेंस?”

पुढे किती मनधरणी केली तरी बोलले नाहीत. सूनबाईनं मला फाटकापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी ते कार्ड काचेत बसवून आणलं आणि जिथं स्टेरिंगचं काम होतं तिथं, हत्यारांच्या फळीच्या वर, खिळा ठोकून लावलं. आता जॉब कार्डावर माझीही जागा आहे. स्टेरिंगचं काम कोणीही करो, शेवटी बोटं ठेवायची आणि वाकून पिन बघायची ती मी, असं सेठनंच ठरवून दिलं. मी त्यांच्यासारखी टिंबं देत नाही, मला ती जमत नाहीत. साधं ‘पाहिलं’ लिहिते. फोन गल्ल्यावर ठेवून जाते.

आमच्याकडचे मिस्त्री बदलत राहतात. कोणाला मराठी वाचता येत नाही. नवा आला की पहिल्या आठवड्यात कधीतरी हात पुसत त्या काचेपुढे उभा राहतो.

“मैडम, ये क्या लिखा है?”

“लिखा है, नहीं देखा था.”

“किसने नहीं देखा था?”

“मैंने,” मी सांगते.